रिकाम्या घरातून आलेलं उत्तर

व्हर्लीन पेटवे आणि मी एकोणीस वर्षं एन्स्ली गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात शेजारी शेजारी उभ्या होतो. ती मक्याचा पाव भाजायची, मी पालेभाजी शिजवायचे, आणि जेवणाच्या सुट्टीत दोघी मिळून मुलांना ताटं द्यायचो. पुढे मुलं कमी होत गेली, शाळा बंद पडली आणि पन्नाशीला टेकलेल्या आम्ही दोघी घरी बसलो. मी गुडघे चोळत बसले. व्हर्लीन बसणाऱ्यातली नव्हती.

एका शनिवारी चर्चच्या सभागृहात एक माणूस घरांचा धंदा शिकवायला आला होता. फुकट होतं म्हणून ती गेली, आणि वही भरून परत आली. पडीक घर हेरायचं, मालक शोधायचा, त्याच्याशी कमी भावात खरेदीचा करार करायचा. पण घर आपण घ्यायचंच नाही; तो करार घरं दुरुस्त करून विकणाऱ्याच्या हाती द्यायचा. मधला फरक आपला. तिचा भाऊ हसला. म्हणाला, "म्हणजे खिशात नसलेल्या पैशांनी मालकीचं नसलेलं घर विकायचं. बरं आहे."

पोलादाचा कारखाना गेल्यापासून एन्स्लीत सोडून दिलेल्या घरांना तोटा नव्हता. व्हर्लीन तिच्या खडखडणाऱ्या गाडीतून गल्ल्या पालथ्या घालायची, कमरेएवढं गवत दिसलं की घराचा नंबर टिपायची आणि कोर्टाच्या दप्तरातून मालकाचं नाव काढायची. मग हाताने पत्र लिहायची. छापील पत्र लोक न वाचताच फेकतात, असं त्या माणसाने सांगितलं होतं. एक पत्र मालकाच्या पत्त्यावर आणि एक त्या घराच्याच पत्त्यावर. कुणी उचललं तर उचललं. दोन महिन्यांत साठ पत्रं गेली. तिघांनी फोनवर शिव्या घातल्या. एका म्हाताऱ्याला नुसत्या गप्पा मारायच्या होत्या.

मग ऑगस्टमधल्या एका दुपारी ती माझ्या दारात आली आणि तिने एक कागद पुढे केला. तिचंच पत्र होतं, एका पडीक घराच्याच पत्त्यावर पाठवलेलं. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं: "विकायला माझी हरकत नाही. आधी ओझेलचा पत्ता कळवा. इथे कुणी सांगत नाही." पाकिटावर तिकीट नव्हतं, शिक्का नव्हता. ते तिच्या पत्रपेटीत पडलेलं होतं.

आम्ही लगेच त्या घराकडे गेलो. विटांचं घर, छपरापर्यंत चढलेला वेल, पुढच्या पायऱ्या कुजून खाली आलेल्या. दारावर आणि खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या होत्या आणि वेलाने त्या फळ्याही बांधून टाकल्या होत्या. तिथून कित्येक वर्षांत कुणी बाहेर पडलं असेल, असं वाटेना. विजेची तार खांबावरच तोडलेली. तरी बाजूच्या खिडकीशी उभं राहिलं की गरम इस्त्रीचा वास येत होता. ओल्या सुती कपड्यावरून इस्त्री फिरते तसा. मला आधी वाटलं, मलाच येतोय. व्हर्लीनकडे पाहिलं तर तीही नाक वर करून उभी होती.

कोपऱ्यावर पोस्टमन भेटला, मिस्टर गूल्सबी. तो म्हणाला, "सात वर्षांत त्या घरात मी काही टाकलेलं नाही, मिस व्हर्लीन. तुमचं पाकीटही परत जाणाऱ्या थैलीत घातलं होतं."

कागदोपत्री घराचा मालक ओझेल टार्व्हर, वय एक्क्याऐंशी, मुक्काम दूर उत्तरेला, क्लीव्हलँड. व्हर्लीनने त्याला फोन लावला तेव्हा मी शेजारीच बसले होते. तिने घराचं विचारलं, मग जरा अडखळत ते उत्तर वाचून दाखवलं.

"पेन्सिलीने लिहिलंय?" त्याने विचारलं.

"हो."

"इडेलाकडे पेन कधी टिकलं नाही."

इडेला त्याची बहीण. आई गेल्यावर दोघंच त्या घरात राहायची. ती लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायची. त्याला घर विकायचं होतं, तिला नव्हतं. शब्दाला शब्द लागला आणि एका सकाळी ती मागे कपड्यांच्या ढिगाशी उभी असताना तो पुढच्या दाराने निघून गेला. पत्ता ठेवला नाही. पाच वर्षांनी ती वारली. चर्चच्या माणसांनी तिला मूठमाती दिली, आणि त्याला ते कळेपर्यंत वर्ष उलटलं होतं. व्हर्लीनने दुसऱ्या दिवशी दप्तरात जाऊन पाहिलं. मृत्यूची नोंद होती.

घर घ्यायला किंकेड नावाचा एक ठेकेदार तयार होता आणि रोज फोन करत होता. मी तिला म्हटलं, म्हाताऱ्याची सही घे आणि मोकळी हो, कागदावर मालक एकच आहे.

"कागदावर," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने पुन्हा ओझेलला फोन केला. पत्ता द्यायचा की नाही, एवढंच विचारलं. तो म्हणाला, "दे बाई. मीच द्यायला हवा होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी, लख्ख उन्हात, आम्ही बाजूच्या खिडकीशी गेलो. व्हर्लीनने चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात पत्ता लिहिला होता. फळीखालच्या फटीतून तिने ती आत सरकवली. अर्धी गेली आणि अडली. मग तिच्या बोटांतून निघून गेली.

पडली असती तर कळलं असतं. ताट घेणाऱ्याचा हात आम्हाला एकोणीस वर्षांचा ठाऊक होता: आधी हलकी ओढ, मग पलीकडून पेललेला भार. व्हर्लीनची बोटं तशीच हवेत राहिली. मी तिला दंडाला धरून गाडीपर्यंत आणलं.

नऊ दिवसांनी ओझेलचाच फोन आला. कागद पाठव म्हणाला, सही करतो, घर आता रिकामं आहे. आवाज मोकळा होता. व्हर्लीनने विचारलं, तुमच्याकडे कुणी आलंय का? तो म्हणाला, "जेवायला दोघं असतो."

करार झाला, किंकेडने घर घेतलं. त्याच्या माणसांनी फळ्या काढल्या तेव्हा आम्ही रस्त्यावर उभ्या होतो. आत जाळी, उंदरांच्या लेंड्या, ओल. चिठ्ठी मात्र कुठे नव्हती. व्हर्लीनने खिडकीखालची जमीन हाताने चाचपून पाहिली.

पहिल्या कमाईतून तिने गाडी दुरुस्त केली. त्याला सहा वर्षं झाली. आता भाऊच तिच्या हाताखाली घरं हेरत फिरतो आणि बोलणी खातो. त्या विटांच्या घरात एक नर्स राहते, दोन मुली आहेत. आम्ही तिला काही सांगितलेलं नाही. बाजारात भेटली की व्हर्लीन एवढंच विचारते, घर कसं आहे? ती म्हणते, शांत आहे. मग व्हर्लीन मुलींच्या शाळेचं विचारते.