फुगा फोडून मोजलेली खोली

आमचे हे पंजाबच्या राजधानीत, सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत होते. घरातही प्रयोगच. स्पीकरची खोकी इंडस्ट्रियल एरियातल्या सुताराकडून मोठ्या हौसेनं करून आणली, तेव्हा कळलं की सरकारी क्वार्टरच्या उघड्या भिंतींत तबला पिंपात बडवल्यासारखा घुमतो. मग माझ्या लग्नातल्या रजया भिंतींवर चढल्या. येणारा जाणारा विचारी, ओल आलीय का?

नेमके तेव्हाच बाबा सांगलीहून आले. पंजाबातल्या गोळीबाराच्या बातम्या वाचून कित्येक वर्षं ते "नको गं बाई" म्हणत होते. "पेपरवाले तिखटमीठ लावतात, इथं काही नाही," असं शपथेवर सांगून मी त्यांना आणलं होतं. महिनाभर त्यांनी राहावं, एवढंच मला हवं होतं. आई गेल्यापासून ते एकटेच जेवत, आणि ते मला सहन होत नव्हतं.

दुसऱ्याच दुपारी ह्यांनी खोली मोजायला काढली. पद्धत सोपी: फुगा फोडायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मीटरवर बघायचं. घरच्यांना आधी सांगायचं मात्र ह्या पद्धतीत बसत नव्हतं. फाडकन आवाज झाला आणि बाबा जेवणाच्या टेबलाखाली गेले.

"उद्याचं तिकीट काढ," ते तिथूनच म्हणाले.

"फारच घुमतंय," मीटरकडे बघत हे म्हणाले. त्यावर मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात दार धडधडलं. शेजारचे सरदारजी, निवृत्त सुभेदार, हातात हॉकी स्टिक, पायात एकच चप्पल. मागे त्यांची बायको आणि वरच्या मजल्यावरची सगळी मंडळी. "की होया, भैणजी? बाऊजी ठीक ने?"

मी फुग्याची चिंधी दाखवली. सुभेदार इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. मग सगळेच बसले. मी चहा टाकला. ह्यांनी संधी साधून, ह्या वेळी सगळ्यांना सांगून, दुसरा फुगा फोडला.

"बघ, घुमणं किती कमी झालं! माणसं आवाज पितात," हे आनंदानं ओरडले. रजया उतरवायला मी तिथेच परवानगी घेतली.

बाबा कितीतरी वेळ सुभेदारांच्या चप्पल नसलेल्या पायाकडे बघत होते. "असा आवाज ऐकून माणूस स्वतःचं दार लावून घेतो गं," ते मला म्हणाले.

"तिकिटाचं काय करू, बाबा?"

"उद्या कसा जाईन? सुभेदारांनी जेवायला बोलावलंय."