झेरॉक्सवाल्याच्या पडद्यावरचं घर

सुमे, फोन नीट कानाशी धर बघू. वर्ष झालं, नुसतं फोनवर ‘येते आत्या’ म्हणतेस.

बोईसरला एक झेरॉक्सवाला आहे, नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक नसलं की चष्मा कपाळावर ढकलून कॉम्प्युटरवर जुना खेळ खेळतो. त्यात चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. आपली गावं त्यानंच त्यात भरलीत. कुठे जायचं ते टाइप केलं की वीस वर्षांनी ती जागा कशी असेल ते खेळ सांगतो.

मी गमतीनं म्हटलं, “आमच्या घिवलीच्या घरात जा की.”

“घरात कोण हाय, मावशी?”

“मी एकटी. भाची येते म्हणते.”

त्यानं दोन बोटांनी टाइप केलं. पडद्यावर आलं, ‘दार उघडं आहे. चिकूच्या वाडीत गवत माजलंय. चुलीपाशी दोन ताटं मांडलेली आहेत. भात वाळून गेलाय.’

दर रविवारी मी तुझंही ताट मांडते, हे कुणालाच ठाऊक नाही गं.

त्यानं चष्मा डोळ्यांवर घेऊन पुन्हा वाचलं. “ताटांचं मी नाय घातलं यात,” तो हळूच म्हणाला. “पण मावशी, आज चाललंय तसंच चाललं तर काय होईल, एवढंच हा सांगतो.”

आता तिथे गेले की मी पडद्याकडे पाठ करून उभी राहते.

या रविवारी ये, सुमे. भात गरम असताना ये.