शंभरात शंभर

मी संशयी आहे. दूधवाल्यापासून संगणकापर्यंत कुणाचंच पटकन खरं धरत नाही. धंदाही तसाच मिळाला. परदेशातल्या एका प्रयोगात कणांचे झोत सेकंदाला चार कोटी वेळा एकमेकांवर येतात. एवढं साठवणं अशक्य, म्हणून कोणती टक्कर ठेवायची नि कोणती फेकायची हे डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवणारी यंत्रणा लागते. तिला ट्रिगर म्हणतात. तिचा एक तुकडा मी डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत बसून आखला. फेकलेली टक्कर पुन्हा कधीच बघायला मिळत नाही, हे मला पहिल्यापासून खुपायचं.

ट्रिगर बरोबर चालतोय का हे बघायला संगणकावर त्याची नक्कल करतात नि दोघांचे निर्णय ताडून बघतात. ती नक्कलही मीच लिहिली होती. ट्रिगर सुरू झाला आणि प्रत्येक निर्णय जुळला. बैठकीत सगळ्यांनी पाठ थोपटली. मला मात्र ते गोड लागेना. नव्या यंत्रणेत चार-दोन चुका निघतातच की! मी तारांवर संशय घेतला, घड्याळांवर घेतला, दोन सहकाऱ्यांवरही घेतला.

वडील गिरणीत कापड तपासायचे. गिरणीच्या जागी टॉवर झाला, तरी कुणाकडे गेलं की पडद्याचं सूत चाचपायची त्यांची खोड गेली नाही. एका दुपारी जेवताना त्यांना सांगितलं, सगळं जुळतंय हीच कटकट आहे. हसतील असं वाटलं होतं.

"शंभरात शंभर जुळता?" ते म्हणाले. "मगे कापड इणणारो नि तपासणारो एकच आसतलो. आमच्याकडे सख्ख्या भावाच्या मागावरचा कापड तपासूक देयत नसत, गो."

माझा घास हातातच राहिला. चाचणीच्या दिवसांत टकरी टिपणाऱ्या उपकरणाचा एक लहानसा कोपरा खोटेच संकेत द्यायचा, म्हणून तो वगळायची यादी मी केली होती. तात्पुरती. तीच यादी ट्रिगरमध्ये राहिली नि तीच नकलेत. दोघंही त्या कोपऱ्याकडे डोळे मिटून बसले होते आणि एकमेकांना खरं ठरवत होते. साऱ्या जगावर संशय घेतला, स्वतःच्या यादीवर तेवढा घेतला नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळच्या ऑनलाइन बैठकीत मी ते कबूल केलं. कुणी ओरडलं नाही, तेच जास्त लागलं. यादी दोन्हीकडून काढून टाकली. वडील दाराशी बसून ऐकत होते. त्यांना इंग्रजी येत नाही, पण माझा चेहरा वाचता येतो.

"फेकलंस त्यात काय होता?"

"ते आता कधीच कळणार नाही, बाबा."

"आमचा बाद कापड निदान गोदामात तरी पडान रवायचा," ते म्हणाले.

आता फेकायच्या टकरींतली अधूनमधून एखादी आम्ही न बघता ठेवून देतो. त्या दुसऱ्याच गटातली माणसं तपासतात. माझ्या हाती देऊ नका, असं मीच लिहून दिलं आहे.