आईने ओळखलं होतं का?

नागपुरात गेल्या काही वर्षांत ज्याला म्हणून जवळचा चष्मा लागला, त्या प्रत्येकाला माझ्या भाऊजींनी जगात कधीच नसलेल्या एका आईबद्दल साक्ष द्यायला लावलेली आहे. मी तिखटमीठ लावून सांगतोय असं ज्यांना वाटत असेल त्यांनी सदर भागात जाऊन खुशाल चौकशी करावी. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सदरच्या एका गल्लीत त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. जवळचं नीट दिसतं की नाही हे बघायला बाकीचे चष्मेवाले एक छापील कार्ड हातात देतात. भाऊजींनी ते कार्ड कधीच अडगळीत टाकलं आणि त्याच्या जागी एका कादंबरीचं शेवटचं पान प्लास्टिकमध्ये मढवून ठेवलं. गिऱ्हाईक डोळ्यांवर चाचणीची जड फ्रेम चढवून, अडखळत ते पान वाचायचं, भाऊजी एकामागून एक भिंगं बदलायचे, आणि शेवटची ओळ आली की विचारायचे, "साफ दिसून राहिलं ना? बरं. मंग आता सांगा, मायनं ओळखलं का नाही?" एकदा सक्करदऱ्याच्या एका म्हाताऱ्या बाईंना वाटलं की हा तपासणीचाच भाग आहे. त्या घाबरल्या, "ओळखलं" म्हणाल्या, भाऊजींचा चेहरा खुलला, आणि बाईंनी घरी जाऊन सगळ्यांना बजावलं की सदरच्या त्या दुकानात ओळखलं म्हटल्याशिवाय नंबर भेटत नाही. त्यांचं अख्खं खानदान पुढे चष्म्याला आलं आणि सगळ्यांनी दारातूनच "ओळखलं" म्हणून सांगितलं. भाऊजी ही मतं पुढे कितीतरी दिवस पुराव्यासारखी वापरत होते.

ती कादंबरी म्हणजे जाडजूड खंडांची एक महागाथा. जादू, पडकी राज्यं, बोलणारे डोंगर, पानोपानी लढाया. मूळची परदेशी, भाऊजींच्या हाती मराठी अनुवाद लागला. कथा सांगतो, कारण तिच्याशिवाय भाऊजी समजणार नाहीत. जगावर न सरणारी रात्र पसरलेली असते. नदीकाठच्या खेड्यातली एक मुलगी घर सोडते, नाही नाही ते भोगते आणि शेवटी सूर्य परत आणते. पण त्याची किंमत मोजावी लागते. तिची ओळख आणि नाव सगळ्यांच्या मनातून पुसलं जाईल आणि ते नाव पुन्हा कुणाच्या तोंडून निघालं, तर रात्र परत येईल. शेवटच्या पानावर ती आपल्याच घरी परकी पाहुणी म्हणून येते. आई तिला पाणी देते, जेवू घालते, कोणत्या गावची म्हणून विचारते. मुलगी निघून जाते. आई दारात उभी राहते, मग आत येते आणि दोन अंथरुणं घालते. संपलं. ही दोन अंथरुणं हाताच्या सवयीने पडली की आईने लेकीला ओळखलं होतं, याचा लेखकाने काही उलगडा केलेला नाही. भाऊजींच्या मते लेखकाने तेवढं काम त्यांच्यावर सोपवलं होतं.

त्यांचा निकाल ठरलेला होता. आईने ओळखलं, अगदी दारातच ओळखलं, पण नाव घेतलं असतं तर लेकीने सोसलेलं सगळं वाया गेलं असतं, म्हणून ती गप्प बसली. याविरुद्ध बोलणाऱ्याची धडगत नव्हती. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसाला वरणभात कालवता कालवता पटवायचे. मोबाईलवर या गाथेच्या चाहत्यांचा एक गट आहे, त्यात सगळी कॉलेजची पोरं. तिथे भाऊजी एवढाले लांब आवाजी निरोप पाठवायचे की पोरं म्हणे ते ऐकत ऐकत घर झाडून काढायची. एका मेडिकलच्या पोराने "काका, ती फक्त सवय होती" असं लिहिलं, तर भाऊजींनी त्याला दुकानात बोलावून घेतलं, चहा पाजला आणि त्याचे डोळे तपासले. डोळे चांगले निघाले याचं त्यांना फार वाईट वाटलं.

आणि खरा विरोधी पक्ष घरातच होता. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने आमच्या जरीपटका भागातल्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं आणि वाचायला भाऊजी बसतात. पांढरीशुभ्र विजार, खणखणीत आवाज, आधी वाचन, मग अर्थ सांगणं, मग शंकांना उत्तरं. हीच शिस्त त्यांनी हिवाळ्यात घरच्या गाथेला लावली होती. दर हिवाळ्यात सुट्टीच्या दुपारी अंगणात खुर्ची टाकून ते पहिल्या खंडापासून वाचायला सुरुवात करायचे. समोर ताई सुपात तुरीच्या शेंगा सोलत बसायची. तिथे भाऊजी धर्माचं काही बोलत नसत, पण गोष्टीचाही अर्थ सांगितल्याशिवाय उठायचं नाही हा नियम होता. आणि दरवर्षी शेवटचं पान झालं, अर्थ सांगून झाला, की ताई शेंगांवरून नजर न काढता म्हणायची, "नाही ओळखलं. ओळखलं असतं त मायनं तिले जाऊच देल्लं नसतं." भाऊजी उखडायचे. "अवं, पन ते रात वापस आली असती ना!" ताई म्हणायची, "येऊ द्या." मग दोघंही हसायची आणि ताई त्या ओल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची, आमटी टाकायला उठायची. त्या आमटीसाठी मी दरवर्षी शेवटच्या पानाला हजर असायचो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी ताईचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी भाऊजींना आत बोलावलं, मीही सोबत होतो. रोग यकृतापर्यंत पोचला होता, औषधाने फार तर त्रास कमी होणार होता. बाहेर बाकावर ताई बसली होती. भाऊजी तिच्याकडे गेले आणि हसून म्हणाले, "अल्सर आहे वं. तिखट बंद करा म्हणते डॉक्टर." त्या दिवसापासून घरात त्या रोगाचं नाव कुणी काढायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद होती. फाइल दुकानात, गोळ्यांची पाकिटं फाडून गोळ्या साध्या डबीत. तिला कळलं तर ती खचेल, निदान राहिलेले दिवस तरी तिने भीतीशिवाय काढावेत, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांच्यासारखा माणूस, ज्याला साधी चहात साखर कमी पडलेली लपवता येत नाही, तो महिनोन्‌महिने घरात हसत वावरत होता. मला बघवायचं नाही.

याच दिवसांत मी एकदा दुकानात गेलो. खुर्चीवर एक मास्तर बसले होते. पान वाचून झालं, आणि जुनं गिऱ्हाईक असल्यामुळे मास्तर आपणहून म्हणाले, "ओळखलं तर होतंच." भाऊजी एकदम कडाडले, "काय ओळखलं? काही ओळखलं नाही. भोळी होती ते माय. तिले काहीच समजलं नाही, आपल्या कामाले लागली ते." मास्तर गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मास्तर गेल्यावर भाऊजी माझ्याकडे न बघता फ्रेम पुसत म्हणाले, "नसनच समजलं गा. नाही का?" मी म्हणालो, "नाही समजलं, भाऊजी." मला दुसरं काय बोलता येणार होतं?

त्या हिवाळ्यात त्यांचं वाचन कधी नव्हे इतकं रेंगाळलं. आज घसा बसला, उद्या गिऱ्हाईक येणार. शेवटी एका रविवारी दुपारी ताईच म्हणाली, "वाचा आता शेवटचं. मले ऐकाचं आहे." ती अंगणात खाटेवर उशांना टेकून बसली होती, शेंगा माझ्या पुढ्यात होत्या. भाऊजींनी वाचलं. तो खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. मग नियमाप्रमाणे अर्थ सांगितला. आईने लेकीला ओळखलं नाही, अंथरुणं हाताच्या सवयीने पडली, असं ते पुस्तकात बघतच म्हणाले.

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. "इतके साल त ओळखलं म्हनून भांडून राहिले होते."

"या टाइमले बरोबर वाचलं," भाऊजी म्हणाले.

"नाही," ताई म्हणाली. "तुमचंच बरोबर होतं. ओळखलं होतं तिनं. पयल्याच दिवशी ओळखलं होतं, बाकावर बसल्या बसल्या."

गाथेत बाक नाही. पहिला दिवसही नाही, ती मुलगी तर घटकाभरच थांबते. भाऊजींनी पुस्तक मिटलं. मग ते लहान मुलासारखे म्हणाले, "मंग बोलली काहून नाही?"

"तुमी अल्सर म्हनून हासले ना," ताई म्हणाली. "इतकी मेहनत करून राहिले होते तुमी. मले वाटलं, राहू द्या."

मी शेंगा तशाच टाकून फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. आत दोघंही रडत होती आणि मलाही रडू आवरत नव्हतं.

त्यानंतर त्यांना उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ मिळाला. मग ताई गेली.

परवा मी भाऊजींकडे गेलो होतो. सकाळची वेळ, ते स्वयंपाकघरात पोळी जाळत होते. चांगली बघून एखादी बाई स्वयंपाकाला लावा म्हणालो, तर ऐकलं नाही. जेवताना म्हणाले, "मी समजत होतो, मी एकटाच लपवून राहिलो. ते बी लपवून राहिली होती. मी दुकानात रडो, अन् ते घरी रडे. एका घरात राहून आमी दोघं येगयेगळे रडलो गा. ते महिने मले वापस पायजे." मी मुद्दाम विषय बदलायला गाथेचं काढलं. म्हटलं, आता काय सांगता लोकांना, ओळखलं की नाही ओळखलं?

"ते काही महत्त्वाचं नाही," ते म्हणाले. "नाव घ्याचं होतं तिनं. लेकीले जवळ घेऊन, नाव घ्याचं होतं. रात येते त येऊ द्याची होती."

आमच्याकडे त्या पिढीतल्या बहुतेक नवऱ्यांप्रमाणे भाऊजींनी ताईला उभ्या जन्मात नावाने हाक मारली नव्हती. अवं, ऐकतं का, एवढ्यावर संसार झाला. त्या दिवशी ताट उचलून मोरीकडे जाताना ते मध्येच थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "सुशीला." मी तिथे आहे हे ते विसरले असावेत. मी खाली मान घालून ताटातली करपलेली पोळी संपवली.