कांदाचाळीवरची फुल रेंज

"मॅडम, फोन चालू आहे म्हणूनच तर तुम्ही माझ्याशी बोलताय ना," असं म्हणून कस्टमर केअरच्या मुलीनं आक्कांची तक्रार पुन्हा एकदा बंद केली. आक्कांनी ती पुन्हा उघडली आणि या वेळी ती माझ्या अंगावर आली. तक्रार एका ओळीची: फोन जातो, येत नाही.

मी मोबाइल कंपनीचा फील्ड इंजिनिअर. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके माझ्याकडं. या दोन तालुक्यांत मी चढलो नाही असा टॉवर नाही आणि उतरलो नाही असा ढाबा नाही. आक्कांची वस्ती न्हावऱ्याच्या पुढं, भीमेच्या काठाला. नदीच्या अलीकडं शिरूर, पलीकडं दौंड. मी पोचलो तेव्हा आक्का कांदाचाळीत बसून सडके कांदे निवडत होत्या.

"फोन कुठाय आक्का?"

"वर बघ की."

चाळीच्या पार वर, पत्र्याला लागून, शेवटच्या बांबूला एक कापडी पिशवी टांगलेली. तिच्यात बटणांचा फोन. मी चढून काढला. रेंजच्या सगळ्या दांड्या उभ्या. एवढी रेंज की दिल्लीत कुणी शिंकलं तर इथं कांद्यावर तुषार पडावेत.

"घरात दोनच दांड्या येत्यात," आक्का म्हणाल्या. "हितं फुल हाय. म्हणून म्या बी हितंच बसती. भावाचा फोन यायचाय."

मग हळूहळू सगळं निघालं. धाकटा भाऊ बापू, नदीपलीकडं यवतच्या बाजूला राहतो. आई लवकर गेली, त्याला आक्कांनीच कडेवर वाढवला. मागच्या साली त्याच्या घरभरणीला आहेराची मानाची साडी चुकून दुसऱ्याच पाहुणीला गेली आणि आक्का ताटावरून उठून आल्या. तेव्हापासून बोलणं बंद. आता बापूला किती वर्षांनी मुलगी झाली. परवा बारसं. आणि बारशात बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं.

"तुमच्याकडनं फोन जातो ना? मग तुम्हीच लावा की त्याला."

आक्कांनी हातातला कांदा खाली ठेवला. "आत्यानं इचारायचं व्हय, मला बोलवताय का म्हणून? पाळण्याचा मान मागून घ्यायचा?"

"मग मी सांगतो. आक्कांचा फोन बिघडलाय म्हणून."

"त्याला वाटंल मीच तुला धाडला. बोलवायचं तर त्यानं. त्याचा पाय पलास्टरात हाय म्हणं, यायला जमत नसंल, पर फोन तर करंल? तोंड न्हाई मोडलेलं."

माझ्या नोकरीत असा नमुना पहिल्यांदाच बघत होतो. नेटवर्कलाही एकच दिशा बंद आणि बाईलाही तीच दिशा हवी.

"चार्जिंग किती दिवस टिकतं?"

"कसलं दिवस? सकाळी भरला की दुपारी मरतोय. नव्या बॅटरीवर."

इथं माझे कान उभे राहिले. असला बटणांचा फोन विहिरीत पडला तरी आठवडाभर आतून टाइम दाखवतो. तो जर दुपारी मरत असेल, तर तो दिवसभर कुणाशी तरी चोरून बोलतोय.

कुणाशी, ते सांगतो. मोबाइलचा कारभार तीन मजल्यांचा आहे. आम्ही त्याला लेयर म्हणतो. तळमजला म्हणजे रस्ता. टॉवर आणि फोन यांच्यातल्या रेडिओ लहरी. मधला मजला म्हणजे निरोप्या. तो निरोपाचे तुकडे करतो, एकेक तुकडा पोचवतो, "पोचला" अशी पावती येईपर्यंत दारातून हलत नाही आणि पावती आली नाही तर तोच तुकडा पुन्हा घेऊन जातो. आत काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. वरच्या मजल्यावर खरा निरोप: मला बोलायला वाट द्या, मी अमुक भागात आहे, तमक्याला फोन जोडा. आणि त्या दांड्या? त्या फक्त तळमजल्याचं सांगतात. रस्ता बरा आहे, एवढंच.

आता फोन यायचा कसा, ते बघा. बापूनं नंबर लावला की नेटवर्क साऱ्या महाराष्ट्रात आक्कांना शोधत नाही. टॉवरांचे भाग पाडलेले असतात. आक्कांच्या फोननं शेवटी ज्या भागाचं नाव सांगितलं असेल, तेवढ्याच भागातल्या टॉवरांवर दवंडी पिटतात: आक्का आहेत का? फोन ओ देतो, मग घंटी वाजते. आपण स्वतः फोन लावतो तेव्हा दवंडीची गरज नसते. आपणच जाऊन दार ठोठावतो.

मी माझा टेस्टचा मोबाइल त्याच पिशवीत घालून टांगला आणि खालून बघत राहिलो. शिरूरचा टॉवर. लगेच दौंडचा. पुन्हा शिरूरचा. चाळीच्या उंचीवरून नदीपलीकडचा टॉवर आपल्या टॉवरइतकाच खणखणीत ऐकू येत होता आणि दोघांचे भाग वेगळे. जो जरा बरा वाटेल त्याच्याकडं फोन उडी मारायचा. दर उडीला वरच्या मजल्यावर निरोप जायचा, "मी आता दौंडात आलो." त्याची नोंद होईपर्यंत हा पुन्हा शिरूरला. या धावपळीत दवंडी ऐकायला फोन जाग्यावरच नसायचा. बॅटरीही त्यातच संपायची. शेजाऱ्यांचे फोन घरात असायचे, त्यांना काही त्रास नव्हता.

मी पुण्याला देशमुख साहेबांना फोन लावला.

"साहेब, या दोन टॉवरमधला हिस्टेरेसिस वाढवायला पाहिजे." हिस्टेरेसिस म्हणजे, दुसरा टॉवर किंचित बरा दिसला म्हणून उडी मारायची नाही, चांगलाच बरा असला तरच जायचं.

"तक्रारी किती?"

"एक."

"एकीसाठी पॅरामीटर बदलायचा?"

"साहेब, बाई मोठी असामी आहे. उद्या पन्नास बायका घेऊन ऑफिसला यायचं म्हणतेय. निम्म्यांच्या हातात विळे."

"विळे कशाला?"

"गवताचे दिवस आहेत साहेब."

"मेल टाक. पुढच्या आठवड्यात बघू."

बारसं तर परवा. मी पिशवी सोडली आणि फोन घरात नेऊन भिंतीतल्या फडताळात ठेवला, डाळीच्या डब्याशेजारी. जाड दगडी भिंत, नदीपलीकडचं काही ऐकू यायला नको. दांड्या दोन.

"खुळा हायस का?" आक्का म्हणाल्या. "फुलवर येईना, त्यो दोनावर येईल व्हय?"

"चहा टाका. मी साहेबांशी बोलून येतो."

बाहेर लिंबाखाली गेलो. तक्रार तपासायची म्हणून बापूचा नंबर मी आधीच मागून घेतला होता.

"नमस्कार, मोबाइल कंपनीतनं बोलतोय. क्वालिटी चेक चालू आहे. तुमच्या भागातून कुठला नंबर लागत नाही का?"

"एक लागत न्हाई. भैनीचा. चार दिस लावतोय. बाई म्हणती संपर्काच्या भायेर." मग आवाज खाली आला. "मला वाटलं, तिनंच काय तरी करून ठिवलंय. राग लई हाय तिला."

"तोच नंबर आत्ता एकदा लावा. टेस्टसाठी."

मी आत येऊन बसलो. चहाला उकळी आली. गाळून झाला. फडताळात काही हालचाल नाही. आक्का माझ्याकडं न बघता कपबशा मांडत होत्या. माझी सगळी नोकरी मला त्या डाळीच्या डब्याशेजारी दिसायला लागली.

आणि घंटी वाजली.

आक्कांनी लगेच उचलला नाही. हात पुसले, पदर नीट केला. दोनदा वाजू दिला.

"कोण?" नंबर ओळखत असून विचारलं.

त्या फोनचा आवाज एवढा मोठा की पलीकडचंही ऐकू येत होतं. "आक्का, म्या बापू. परवा बारसं हाय. तू आल्याबिगार पाळणा हलायचा न्हाई."

"पाय कसा हाय?"

"पायाचं राहू दे. येतीस का?"

"पोरगी कुणावर गेलीया?"

"तुझ्यावर. साऱ्या घरावर खेकसतीया."

आक्का हसल्या आणि तसाच डोळ्याला पदर लावला. "येती. साडी आणू नगंस माझ्यासाठी."

"आणलीया कवाच. ह्या टायमाला माझ्या उशाखाली ठिवलीया."

मी चहा संपवून उठलो. आक्कांनी पोतंभर कांदे गाडीला बांधले. मी नको नको म्हटलं, तेवढ्यात गाठ पक्की झाली.

"लिंबाखाली कुणाशी बोलत व्हतास?"

"साहेबांशी."

"सायेब यवतचा हाय व्हय?" आक्का म्हणाल्या आणि कांद्यांकडं वळल्या.

साहेबांनी पुढच्या आठवड्यात खरंच हिस्टेरेसिस वाढवला. आता चाळीवर फोन टांगला तरी चालेल, पण आक्का तो फडताळातच ठेवतात. आणि कुणी फुल रेंजची बढाई मारली की मी त्याला विचारतो, फोन येतो का?

तक्रार बंद करताना शेरा लिहावा लागतो. मी लिहिलं, "रेंज जास्त होती. कमी करून दिली. ग्राहक समाधानी." त्या शेऱ्याचा खुलासा पुण्याहून अजून मागतायत.