शिस्तकाकांची चिठ्ठी

छापखान्यात अक्षरजुळणी करणाऱ्या माणसाला सगळे शिस्तकाका म्हणत, अर्थात पाठीमागे. कॉम्प्युटर एकच, पण राज्यं दोन. दुपारी एकपर्यंत काकांची जुनी सिस्टिम, जुन्या फाँटांसाठी. एकनंतर मालकाच्या मेहुण्याची नवी, रंगीत वेष्टनांसाठी. डिस्कचे तीन भाग पाडलेले: दोघांचे दोन, आणि तिसरा ‘सामाईक’. तिथे दोघांच्याही फायली गुण्यागोविंदाने नांदत.

माणसांचं तसं नव्हतं. मॉनिटरवर काकांच्या हातची चिठ्ठी डकवलेली: ‘मशीन झोपवून उठू नये. पूर्ण बंद करावे.’ कारण झोपवलेली, म्हणजे हायबरनेट केलेली सिस्टिम सामाईकचा नकाशा डोक्यात धरूनच झोपते. मधल्या वेळात दुसऱ्याने आपली सिस्टिम चालू करून तिथे काही ठेवलं, की ही उठून जुन्याच नकाशावर लिहायला लागते, आणि सगळ्याचा विचका. मेहुण्याने हे एकदा केलं, तेव्हा काकांनी भर गिऱ्हाइकांत त्याला चिठ्ठी मोठ्याने वाचायला लावली. दोनदा. “‘नये’वर जोर द्या, मेहुणेबुवा!”

सामाईकमध्ये काकांचा जीव अडकलेला होता. वडिलांच्या सुतारकामातल्या शब्दांचा कोश, सात वर्षांचं काम. विचारायला वडील आता नव्हते. दुसरी प्रत? “शिस्त असली की प्रत लागत नाही,” काका म्हणत.

मंगळवारी एकला दहा कमी असताना काकूंचा फोन आला. “अहो, नळ तुटलाय, घरात तळं झालंय!” कोशाची फाईल उघडी, दुरुस्ती अर्धवट. जागा हरवायला नको म्हणून काकांनी आयुष्यात पहिल्यांदा मशीन झोपवलं आणि पळाले. दारात मेहुणा उभा होता.

दुसऱ्या दिवशी फाईल जिथल्या तिथे. काकांनी एक शब्द सुधारून सेव्ह केला. पुन्हा उघडली, तर अक्षरांच्या जागी पानभर चौकटी. बाकीचे फोल्डर रिकामे.

मेहुणा आज लवकरच आला होता.

“काल तू बसला होतास?”

“बसलो ना. शंभरेक फायली टाकल्या सामाईकमध्ये.” त्याने खिशावर थाप मारली. “माझ्या सगळ्या पेन ड्राइव्हवर आहेत.”

“मी झोपवून गेलो, ते दिसलं नाही?”

“दिसलं की.”

“मग बोलला का नाहीस?”

“काका, तुम्हाला मी शिस्त शिकवू?”

मालकांनी केबिनमधून मान काढली. “परत टाइप करा हो. डोक्यात असेलच सगळं.”

काका कोऱ्या फाईलसमोर बसले. ‘रंधा’ या शब्दाच्या पुढे गाडी सरकेना.

एकच्या ठोक्याला मेहुण्याने चिठ्ठी सोलून काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. काउंटरवर चार गिऱ्हाइकं होती. काकांनी वाचली.

“आता दुसऱ्यांदा,” मेहुणा म्हणाला.