सुई उडते, जपून चाला

इतवारीत आम्ही भाड्याने राहायचो, त्या घराच्या वरच्या खोलीची जमीन लाकडी फळ्यांची होती. सत्तरच्या दशकात आमच्या ह्यांनी मोठ्या हौसेने रेकॉर्ड प्लेअर आणून तिथे मांडला, तेव्हा फळ्यांचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही. पहिल्याच संध्याकाळी गवई अगदी समेवर येत होता, तेवढ्यात सासूबाई चष्मा घ्यायला उठल्या. फळ्या थरथरल्या, सुईने टुणकन उडी मारली आणि गवई थेट पुढच्या तानेत जाऊन पडला.

"आई, काहून चालून राहिली वं?" हे ओरडले.

"मंग का उडू?" सासूबाई म्हणाल्या.

त्या नरखेडकडच्या, अंगाने भरदार. त्यांना भजनं प्रिय, ह्यांना संथ ख्याल. रेकॉर्ड सुरू असताना कुणी हलायचं नाही, असा नियम निघाला. तेव्हापासून ख्याल लागला की सासूबाईंना हमखास काहीतरी आठवायचं. कधी पाण्याचा तांब्या, कधी दाराची कडी. भजन असलं की मात्र त्या मांडी घालून मूर्तीसारख्या बसत. मी आपली पदर तोंडाशी धरून हसू दाबायची.

ह्यांनी उपाय सुरू केले. प्लेअरखाली विटा ठेवल्या, तर विटाही फळ्यांबरोबर हलल्या. उशी ठेवली, तर तो होडीसारखा डुलू लागला. मग स्कूटरची ट्यूब अर्धी फुगवून तिच्यावर पाट आणि पाटावर प्लेअर. थरथर खरंच कमी झाली. पण ट्यूबमधली हवा जात राहिली आणि गाणं रंगात येईपर्यंत प्लेअर एका कुशीवर कलला.

शेवटी त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. जाड, दगडी भिंत. कुणी कितीही चाललं तरी हलणार नव्हती. तिच्यात प्लेअर मावेल अशी एकच देवळी होती आणि तिथे देव बसले होते.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "देवाले सैपाकखोलीत नेशीन? ने. पन सकाळी पयले माहं भजन लागन. मंग तुहा थो रडका गवई."

हे कबूल झाले. प्लेअर देवळीत गेला. सासूबाईंनी मुद्दाम ख्याल लावायला सांगितला आणि खोलीभर पाय आपटत फिरल्या. सुई ढिम्म. त्यांचं तोंड उतरलं, ह्यांचं फुललं.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारीण आली. तिने सवयीने देवळीसमोर हात जोडले आणि उघड्या रेकॉर्डवर हळदकुंकू वाहून वर जास्वंद ठेवलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर सासूबाईंनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

संध्याकाळी ह्यांनी आधी कपाळ बडवून घेतलं, मग मऊ ब्रशने रेघेरेघेतून हळद काढत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी देवळीला जाड पडदा लावला.

शेजारीण पुन्हा आली, तेव्हा पडद्याकडे बघून कुजबुजली, "देव निजले का वं?" आणि जाईपर्यंत हळूच बोलत राहिली.